पगार हा संस्थेचा घरगुती मामला नाही



सहकारी संस्था आणि तिचा नोकर यांच्यात पगारावरून वाद झाला तर तो कोणत्या न्यायालयाने ऐकायचा, हा आजचा विषय आहे. संध्याकाळच्या व्याख्यानाला तो रुक्ष वाटेल याची मला कल्पना आहे. तरीही तेलगावात बोलायचे तर याच विषयावर, असे मी ठरवून आलो. बीड, परळी, माजलगाव आणि धारूर या चार दिशांचे रस्ते या चौकात मिळतात आणि या रस्त्यांवरच्या गावांमधल्या कितीतरी घरांची चूल सहकाराच्या पगारावर पेटते. उपमुख्यमंत्री राहिलेल्या सुंदरराव सोळंके यांचे नाव लावणारा साखर कारखाना इथे उशाशी आहे. शिवाय जिल्हा बँकेच्या शाखा, पतसंस्था, दूध संस्था आणि गावोगावच्या सेवा सोसायट्या आहेत. पगार वेळेवर होतो तोवर कायदा कोणाला लागत नाही. तो थकला की पहिला प्रश्न येतो, "वकीलसाहेब, केस कुठं टाकायची?" आज मी जी उदाहरणे देईन ती कोणा एका संस्थेची नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

उत्तर लगेच देतो, म्हणजे ज्यांना शेवटची एस.टी. गाठायची आहे त्यांना ते घेऊन जाता येईल. पगाराचा दावा सहकार न्यायालयात चालत नाही. तो कामगार कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयाकडे जातो. संस्था सहकारी आहे एवढ्यावरून वाद सहकारी होत नाही. वाद कशाचा आहे, हे पाहायचे असते.

मग इतकी गल्लत का होते? त्याचे कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येच आहे. कलम ९१ सांगते की संस्थेची घटना, निवडणुका, सर्वसाधारण सभा, व्यवस्थापन किंवा व्यवसाय यांच्याशी निगडित वाद सहकार न्यायालयाकडे न्यावेत. त्यापुढे वाद कोणाकोणात असू शकतो याची यादी आहे. तीत संस्था, समिती, सभासद, अधिकारी, अभिकर्ता यांच्या जोडीला आजी-माजी नोकरही आहे. संचालक मंडळाचा सल्लागार या यादीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "पाहा, नोकर आहे ना? मग तुमचा वाद सहकार न्यायालयातच."

पण कलमाच्या दोन कसोट्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी उतराव्या लागतात. पक्षकार यादीतले हवेत आणि विषयही कलमातला हवा. नोकराचे नाव यादीत आले ते वेगळ्या कारणाने. सोसायटीच्या सचिवाने वसुलीची रक्कम खिशात घातली, पतसंस्थेच्या रोखपालाने बनावट ठेवपावती दिली, तर संस्थेला त्याच्याविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. तो वाद व्यवसायाचा आहे. त्याच रोखपालाचे सहा महिन्यांचे वेतन थकले, तर तो वाद पतसंस्थेच्या व्यवसायाचा नाही, मालक आणि नोकर यांच्यातला आहे. कलम ९१ च्या परंतुकात तर सरळ छापले आहे की औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २(के) मध्ये येणारा औद्योगिक विवाद हा या कलमापुरता वाद समजला जाणार नाही. इतके स्पष्ट लिहिलेले असताना माणसे चुकीच्या न्यायालयात वर्षे घालवतात, याचे मला फार वाईट वाटते.

थोडे मागे जाऊ या, कारण या गल्लतीची मुळे जुनी आहेत आणि ती समजल्याशिवाय संचालकांची मनोवृत्ती समजत नाही. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, मुंबई प्रांताचा स्वतंत्र कायदा १९२५ चा. त्या काळी संस्था म्हणजे गावातली पंधरा-वीस माणसे, एक पेटी आणि एक वही. त्यांच्यातले भांडण दिवाणी न्यायालयात नेऊन वकिलांच्या फीपायी संस्था बुडवण्यापेक्षा निबंधकाने किंवा त्याने नेमलेल्या लवादाने ते मिटवावे, हा विचार अगदी रास्त होता. तो सभासदांच्या भांडणासाठी होता. नोकर हा तिथे जवळजवळ नव्हताच. हिशेब लिहिणारा एखादा कारकून असे, तोही बहुधा गावातलाच.

पुढे १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा कारखाना उभा राहिला आणि चित्र पालटले. आता संस्थेत बॉयलर होता, मिल होती, तीन पाळ्या होत्या आणि शेकडो कामगार होते. त्यांतले कित्येक स्वतः भागधारकही होते. कायदा मात्र त्या जुन्या पेटी-वहीच्या भाषेत बोलत राहिला. 'व्यवसायाशी निगडित' या शब्दांत संस्था जे जे करते ते सगळे येते, असा सैल अर्थ काही निकालांत लावला गेला. नोकर ठेवल्याशिवाय व्यवसाय होत नाही, म्हणून नोकराचा वादही व्यवसायाचाच, असा तो युक्तिवाद. ऐकायला तो बिनतोड वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. पहिला निकाल मुंबईच्याच प्रकरणातला, डेक्कन मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँक विरुद्ध दलिचंद जुगराज जैन. त्यातला वाद जागेच्या ताब्याचा होता, पगाराचा नव्हता. पण न्यायालयाने तिथे सांगितले की 'व्यवसाय' म्हणजे संस्थेचा प्रत्यक्ष व्यापारी किंवा तत्सम व्यवहार. आपले हेतू पार पाडण्यासाठी संस्था जे काही करते ते सगळे त्यात ओढता येणार नाही. दुसरा निकाल १९६९ चा, आंध्र प्रदेशातल्या मध्यवर्ती सहकारी बँकांचा, आणि तो थेट आपल्या विषयावरचा आहे. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला होता. बँकांचे म्हणणे, हे निबंधकाचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले.

त्या निकालातले कारण मला फार मोलाचे वाटते. निबंधक किंवा त्याचा लवाद हा कायदा, नियम आणि संस्थेचे उपविधी यांनी बांधलेला असतो. उपविधीत किंवा कराराने जो पगार ठरला आहे तो वाढवून देण्याचा अधिकार त्याला नाही. औद्योगिक न्यायाधिकरणाला मात्र तो आहे. ते अपुरी सेवाशर्त बदलू शकते, नवी वेतनश्रेणी घालून देऊ शकते. ज्याच्या हातात मलम नाही त्याच्याकडे रोगी पाठवून काय उपयोग? आपल्या भागातल्या प्रत्येक संचालकाने हे नीट लक्षात घ्यावे. निबंधक कामगारांविरुद्ध आहे म्हणून हा वाद त्याच्याकडून काढलेला नाही. हा वाद सोडवण्याचे साधनच कायद्याने त्याला दिलेले नाही.

यानंतर १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने 'उद्योग' या शब्दाचा पट रुंद केला. पद्धतशीर चालणारे काम, मालक आणि नोकर यांचे सहकार्य, माणसांच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू किंवा सेवा, या तीन गोष्टी असल्या की नफ्याचा हेतू असो वा नसो, तो उद्योग. त्यामुळे 'आमची संस्था नफ्यासाठी नाही, सभासदांच्या कल्याणासाठी आहे' हा बचावही लंगडा पडला. गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत, जिथे नोकर फक्त रहिवाशांची घरगुती स्वरूपाची कामे करतात, तिथे न्यायालयांनी वेगळा विचार केलेला आहे. पण साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ, बँक यांच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

मागे माझ्याकडे साखर कारखान्यातले एक निवृत्त पॅनमन आले. खताच्या रिकाम्या गोणीचे कापड शिवून केलेल्या पिशवीत त्यांनी कागद आणले होते. नेमणुकीचा हुकूम, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, वेतन कराराची एक छापील पुस्तिका, आणि सगळ्यांत खाली शाळकरी वहीची काही पाने. पानांवर पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडलेले. करारानुसार मिळायचा पगार, हातात पडलेला पगार, फरक. प्रत्येक महिना वेगळा. गळीत हंगाम संपल्यानंतरच्या महिन्यांचा रिटेन्शन भत्ता लाल शाईने लिहिलेला. बेरीज प्रत्येक पानाखाली आणि पुढच्या पानावर ती 'मागील पान' म्हणून ओढलेली. मी अनेक सनदी लेखापालांचे तक्ते पाहिले आहेत. यापेक्षा स्वच्छ तक्ता क्वचितच पाहिला.

हा माणूस कोणाच्या तरी सल्ल्याने सहकार न्यायालयात गेला होता. संस्थेने जबाब दिला, तारखा पडत राहिल्या, काही वर्षे गेली. मग संस्थेच्या वतीनेच मुद्दा आला की हा औद्योगिक विवाद आहे, या न्यायालयाला अधिकार नाही. मुद्दा कायद्याने बरोबर होता, त्यामुळे दावा परत मिळाला. योग्य ठिकाणी दाखल करा, असा शेरा. ज्यांनी तो मुद्दा काढला त्यांना पहिल्याच तारखेला तो माहीत नव्हता, असे मला वाटत नाही. त्या पिशवीतल्या कागदांकडे पाहताना मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही.

अशा माणसांसाठी मुदत अधिनियम, १९६३ चे कलम १४ आहे. अधिकार नसलेल्या न्यायालयात दावा सद्‌भावनेने आणि तत्परतेने चालवण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळता येतो. न्यायालये या तत्त्वाचा उदारपणे उपयोग करतात. त्यामुळे चुकीच्या न्यायालयात गेलात तरी सगळे संपले असे समजू नका. तिथल्या प्रत्येक तारखेच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. तत्परता सिद्ध करायला तीच लागते. पॅनमनच्या कामी त्या प्रतीच आल्या, आणि पुढे कामगार न्यायालयात हिशेब झाला तो त्या वहीच्या पानांवरून.

आता योग्य न्यायालय कोणते ते सांगतो. इथे दावा नेमका कशाचा आहे त्यावर सगळे ठरते. ठरलेला पगार दिलाच नाही किंवा त्यातून बेकायदा कपात केली, तर जुनी वाट वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम १५ खालच्या प्राधिकाऱ्याची. तिथे मुदत बारा महिन्यांची होती आणि दरमहा २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच ती वाट खुली होती. त्या वाटेने वसूल होणारी रक्कम दिवाणी दाव्याने मागायला कलम २२ ने बंदी घातलेली होती, हे पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात राहत नसे. हक्क निर्विवाद आहे पण त्याचा पैशांत हिशेब करायचा आहे, तर १९४७ च्या कायद्याचे कलम ३३(सी)(२) होते. गोपाळ भिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे गॅस कंपनीविरुद्ध हे कलम वापरले तेव्हा कंपनीने मुदतीचा मुद्दा काढला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले की या कलमाला मुदतीचे बंधन नाही. मुंबईच्या त्या कामगारांनी मराठवाड्यातल्या कामगारालाही एक हत्यार मिळवून दिले आहे. मात्र या कलमाखाली नवा हक्क मागता येत नसे. आधीच मान्य झालेल्या हक्काचा हिशेब तेवढा होत असे.

करार झाला आहे आणि संस्था तो पाळत नाही, तर १९७१ चा महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविषयीचा कायदा आहे, ज्याला आपण सारे 'एमआरटीयू पीयूएलपी' म्हणतो. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली नववी बाब म्हणजे निवाडा, तडजोड किंवा करार यांची अंमलबजावणी न करणे. तक्रार औद्योगिक न्यायालयात, घटनेपासून नव्वद दिवसांत. साखर कामगारांना ही बाब तोंडपाठ हवी, कारण त्यांचे वेतन राज्यपातळीवरच्या त्रिपक्षीय समितीत कराराने ठरते. एका बाजूला कारखान्यांचा साखर संघ, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या संघटना, मध्ये सरकार. करारावर मुंबई-पुण्यात सह्या होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. पण गावच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात तो करार पोचतो का, हाच खरा प्रश्न असतो. वेतनश्रेणीच नवी हवी असेल तर ते एकट्या कामगाराचे काम नाही. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता असलेल्या प्रातिनिधिक संघटनेने ते औद्योगिक न्यायालयापुढे न्यायचे असते.

उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची वाट आणखी वेगळी, ती उपदान कायद्याच्या नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जात असे. हंगामी कामगार मला नेहमी विचारतात की आम्हाला ग्रॅच्युइटी आहे का. आहे. वर्षाला पंधरा दिवस हा नियम बारमाही कामगाराचा. हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामासाठी सात दिवसांचा पगार. कारखाना हंगामात जितके दिवस चालला त्याच्या पंचाहत्तर टक्के दिवस भरले की तो हंगाम धरला जातो. म्हणून हजेरीचा कागद जपा.

केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या, आणि या जुन्या वाटांपैकी काहींचे नाव-गाव बदलले. वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दाव्याची मुदत आता तीन वर्षे आहे. पगाराची कमाल मर्यादा राहिलेली नाही आणि व्यवस्थापकीय पदावरचा नोकरही संहितेच्या व्याख्येत येतो. थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद आहे. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. सहकारी संस्थांसाठी ही शेवटची गोष्ट मोठी आहे, कारण आपल्याकडे व्हाउचरवर सही आधी आणि पैसे नंतर, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. कामगार न्यायालयाच्या जागी औद्योगिक संबंध संहितेत दोन सदस्यांचे न्यायाधिकरण आले आहे. महाराष्ट्राचे १९४६ आणि १९७१ चे कायदे त्या संहितेच्या रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाहीत. त्यामुळे या काळात अर्ज लिहिताना हक्क कोणत्या तारखेला निर्माण झाला आणि त्या तारखेला कोणता कायदा चालू होता, हे पहिल्या परिच्छेदातच लिहावे.

एक प्रश्न उरतो तो कार्यकारी संचालक, मुख्य लेखापाल, शाखा व्यवस्थापक यांचा. ते 'कामगार' या व्याख्येत बसत नसत, म्हणून त्यांचा वाद औद्योगिक होत नसे. पण म्हणून तो आपोआप संस्थेच्या व्यवसायाचाही होत नाही. अशांना संहितेआधी थकीत वेतनासाठी दिवाणी दाव्याची वाट होती, मुदत तीन वर्षे. त्यातही पथ्य असे की दावा संस्थेच्या व्यवसायाशी निगडित कृतीबद्दल आहे असे म्हटले गेले, तर सहकार कायद्याच्या कलम १६४ ची दोन महिन्यांची नोटीस निबंधकाला दिली होती का, असा आक्षेप येतो. शहाणा वकील ती नोटीस आधीच देऊन ठेवतो. काहीजण थेट उच्च न्यायालयात रिट घेऊन धावतात. सहकारी संस्था ही साधारणपणे 'राज्य' नाही, हे थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा नुसत्या पगाराच्या वसुलीसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ होतो तो एकच माणूस दोन नात्यांनी उभा असतो तेव्हा. कारखान्यातला फिटर कामगार पतसंस्थेचा सभासद आहे. त्याने कर्ज घेतले. कारखाना दरमहा त्याच्या पगारातून हप्ता कापतो, पण पतसंस्थेत भरत नाही. पतसंस्था त्याला थकबाकीदार ठरवते, व्याज चढवते, जामीनदाराला नोटीस काढते. हा माणूस माझ्यासमोर बसून विचारतो, "माझा पगार कापला, तरी थकबाकीदार मीच कसा?" कायद्यात याचे उत्तर आहे. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिल्यावर मालकाने कपात करून रक्कम संस्थेला भरायचीच आहे, आणि नाही भरली तर जबाबदारी मालकावर येते. ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पतसंस्थेने सभासदाच्या दारात जाण्याआधी हे कलम वापरायला हवे. ती वापरत नाही, कारण पतसंस्थेचे संचालक आणि कारखान्याचे कारभारी यांची उठबस एका पंगतीत असते. हे बोलायला अवघड आहे, पण इथे बोलायचे नाही तर कुठे?

मी हे सगळे महाराष्ट्रापुरते सांगतो आहे, हेही लक्षात ठेवा. सोलापूर ओलांडून विजयपुरात गेलात की नियम पालटतो. कर्नाटकाने आपल्या सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये नोकरांचे सेवाविषयक वाद मुद्दाम घातले. त्याला राष्ट्रपतींची संमती नसल्याने आधी ते कामगार न्यायालयाला अडवू शकले नाही, २००० मध्ये संमतीसह दुरुस्ती झाली तेव्हा अडवू लागले. विजापूरच्या दूध संघाच्या नोकराच्या प्रकरणात २००७ मध्ये हे ठरले. केरळमध्ये २०१८ च्या निकालाने नोकराला दोन्हींतली एक वाट निवडायची मुभा आहे. सहकार हा राज्याच्या यादीतला विषय, कामगार हा समवर्ती सूचीतला. त्यामुळे शेजारच्या राज्यातला निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

बंद पडलेल्या संस्थांबद्दल दोन गोष्टी. संस्था अवसायनात निघाली की सहकार कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे निबंधकाच्या परवानगीशिवाय तिच्याविरुद्ध दावा चालत नाही. ती परवानगी आधी मागा, नंतर नव्हे. आणि भविष्य निर्वाह निधीबद्दल निर्धास्त राहा. राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेच्या पोत्यांवर पहिला हक्क कोणाचा, हा वाद २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निधीची थकबाकी बँकेच्या तारणाच्याही आधी.

आता शेवटच्या आणि बीड जिल्ह्याला सर्वांत जवळच्या मुद्द्यावर येतो. पगाराचा वाद म्हटला की आपण मस्टरवरचा माणूस डोळ्यांसमोर आणतो. पण कारखाना ज्याच्या कोयत्यावर चालतो तो ऊसतोड कामगार कोणाच्या मस्टरवर आहे? उचल देतो मुकादम. मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी करार करते कारखान्याची तोडणी-वाहतूक यंत्रणा. कारखाना म्हणतो, हा आमचा नोकर नाही. मुकादम म्हणतो, पैसे कारखान्याकडून आले की देतो. हंगाम संपतो, हिशेब 'फिटला नाही' असे सांगितले जाते आणि जोडपे अंगावर बाकी घेऊन गावी परतते. त्याने कोणत्या न्यायालयात जायचे?

माझे मत स्पष्ट आहे. कोणत्या शेतात कधी तोड घालायची हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. तोडीची चिठ्ठी कारखान्याची. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली तीही अशीच. ऊस तोडल्याशिवाय साखर होत नाही, हे सांगायला साक्षीदार लागत नाही. १९४६ च्या कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या कंत्राटदाराच्या मागे उभ्या असलेल्या मूळ उद्योगापर्यंत जाते. काम मात्र त्या उद्योगाचा नेहमीचा भाग असायला हवे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. वेतन संहितेच्या कलम ४३ चा सूरही तोच आहे. म्हणून या कामगाराचा दावाही वेतनाचाच दावा आहे, तो वेतन प्राधिकाऱ्यासमोर नेला पाहिजे, आणि त्यात मुकादमाबरोबर कारखान्यालाही पक्षकार केले पाहिजे. आणि उचलीपोटी कोणाला अडकवून ठेवले असेल, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली कर्जच संपुष्टात येते. त्यासाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो.

कारखान्याकडून आक्षेप येणार, की नातेच सिद्ध नाही. ते सिद्ध करायला काट्याच्या पावत्या लागतात, आणि त्या आज मुकादमाच्या किंवा गाडीवाल्याच्या खिशात असतात. मोबाइलवर प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोटो काढायला पैसे पडत नाहीत. टोळीतल्या शाळा शिकलेल्या एका पोरीने किंवा पोराने तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाडीचा क्रमांक आणि टनेज एवढे वहीत लिहिले तरी हंगामाअखेर तो पुरावा होतो. पॅनमनची वही मी मघाशी सांगितली ती यासाठीच.

सभेत धारूर आणि माजलगावचे वकील मित्र बसलेले मला दिसतात. त्यांना विनंती आहे. येत्या हंगामाआधी तीन-चार टोळ्यांना या वह्या आपण घालून देऊ, उचलीच्या नोंदीसह. हंगाम संपल्यावर ज्यांचा हिशेब बुडेल त्यांचा अर्ज मी स्वतः तुमच्याबरोबर बसून लिहीन, आणि अधिकारक्षेत्राचा मुद्दा पहिल्याच तारखेला ऐकून त्यावर आदेश द्यावा, असा विनंती-अर्ज त्याला जोडून देईन. टोळ्या कोणत्या, हे आज सभा संपल्यावर याच मांडवात ठरवू.